वस्तू क्रमांक एकेचाळीस

संग्रहालय मंगळवारी आणि शनिवारी उघडं.
बाकीचे दिवस किल्ली हेल्येच्या बेकरीत,
पावाच्या फळीखाली, खिळ्याला.
कुणीही मागावी. पीठ लागलेली मिळते.

पूर्वी ही बेटावरची शाळा होती.
मुलं संपली, शाळा संपली,
मग लोकांनी घराघरातून आणून टाकलं
जे फेकवत नव्हतं आणि ठेववतही नव्हतं:
बाल्टिकचं मीठ मुरलेली जाळी,
लोणी घुसळायची चार पिंपं
(पाचवं घेऊन आलेल्या आउगुस्तला मी नको म्हटलं,
तो दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही),
सीलच्या चामड्याचा एक बूट.
दुसरा समुद्रात, पायासकट.
त्या बुटाची मुलगी दर मंगळवारी येते,
ऐंशीची आहे. तिकीट काढते.
मी नको म्हणते, ती काढतेच.

माझ्या चिठ्ठ्या पेन्सिलीनं लिहिलेल्या.
पहिल्या वर्षी शाईनं लिहून पाहिलं होतं,
गावानं महिन्याभरात सगळं खोडायला लावलं:
चरखा आमच्या आत्याचा, तिच्या नव्हे;
होडी बुडाली ती ऑक्टोबरात,
बटाटे निघायचे होते, मला पक्कं आठवतंय.
इथं इतिहास म्हणजे खोडरबराचा भुसा,
मी रोज संध्याकाळी टेबलावरून फुंकून टाकते.

एकेचाळीस नंबरचा फोटो.
शाळेच्या पायऱ्यांवर एकतीस मुलं.
तीस नावं लागली. खालच्या रांगेत, डावीकडून चौथा,
कान बाहेर, कोटाला एकच बटण,
त्याच्यापुढे मी लिहिलं: अनोळखी.
सगळे येऊन चष्मे पुसून पाहून गेले.
साल्मेही आली. त्यात ती स्वतः आहे,
वेणी पुढं घेतलेली, अगदी त्याच्या मागं.
नाही बाई आठवत, म्हणाली,
आणि खिडकीकडे बघत राहिली.

जानेवारीत वादळ आलं, तारा तुटल्या.
चार दिवस वीज नाही, फेरीबोट नाही.
नव्या घरांतून चुली कधीच गेल्या होत्या,
गावात धूर बाहेर काढील असं धुराडं आमचंच.
एन्देलनं 'हात लावू नये'ची लाकडी पाटी उचलली,
उलटी करून बघितली,
जणू मागं काही सवलत लिहिली असेल,
आणि शेगडीत घातली. सगळ्यात आधी तीच पेटली.
मग कंदील उतरले, नऊ ते चौदा.
घोंगड्या उतरल्या. हेल्येची नात
दीडशे वर्षांच्या पाळण्यात निजली;
करकरला तो, पण झुलला.
ज्या हंड्यावर मी 'उपयोग अज्ञात' लिहिलं होतं
त्यात वाटाण्याचं सूप शिजलं,
आणि दोन वाट्या पोटात गेल्यावर एन्देल म्हणाला,
आमच्याकडे यात डुकरांचं रटरटायचं.
आउगुस्त पाण्यासाठी आपलं पाचवं पिंप घेऊन आला.
मी मुकाट्यानं जागा करून दिली.

तिसऱ्या रात्री साल्मे कंदील घेऊन भिंतीपाशी गेली.
बराच वेळ उभी. काजळी काचेवर चढत होती.
मग आमच्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली:
हा युहान. पाणचक्कीवाल्यांचा.
मार्चात एका रात्री ट्रक आला.
सकाळी मास्तरांनी हजेरी घेतली
आणि त्याचं नाव यायचं तिथं नुसता श्वास घेतला.
आम्ही पण तसंच शिकलो.

कुणी काही बोललं नाही.
तिघांनी माना खाली घातल्या होत्या.
मी बघितलं, ते तिघंही फोटोत होते.

पाचव्या दिवशी दिवे आले, वस्तू जागेवर गेल्या,
अंगाला धुराचा वास.
बारा नंबरच्या कंदिलाची काच तडकली होती.
नोंदवहीत कारणाचा रकाना असतो.
मी लिहिलं: वापर.

मग पेन्सिलीला टोक काढून फोटोपाशी वाकले,
तर साल्मेनं माझा हात धरला.
हे नाव शाईनं.

शाई कुठली? शाळेचीच दौत होती, क्रमांक बावीस,
तळाशी काळा खडा झालेला.
हेल्येच्या किटलीतलं गरम पाणी त्यावर ओतलं,
आणि थांबलो.
फिकी उतरली. पण उतरली.